अबिदेमीच्या आईला बोलवा

ओजे बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. घर कसलं, एक लांबलचक बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. एका खोलीत मी आणि माझं शिलाई मशीन. समोरच्या खोलीत रिसिकत, तिचा नवरा मुफुताऊ आणि त्यांची मुलगी. रिसिकतला रिसिकत म्हणणारी इबादान शहरात बहुधा मी एकटीच. आमच्याकडे बाईला मूल झालं की बारशाच्या दिवशी पोराला नाव मिळतं आणि आईचं जातं. मग ती जन्मभर अमक्याची आई. मला मूल नाही, म्हणून माझं मोरायो हे नाव शाबूत राहिलं. देवाने एवढं तरी केलं.

रिसिकतच्या मुलीचं नाव अबिदेमी, म्हणजे बाप घरी नसताना झालेली. नाव शोधायला कोणाला डोकं खाजवावं लागलं नाही. मुफुताऊ ट्रक चालवायचा. इथून कोलाची फळं घेऊन उत्तरेला जायचा आणि तिकडून कांदे घेऊन परत यायचा. पोरीच्या बारशालाही तो पोचला नाही. पोचला तेव्हा कांद्यांच्या ढिगावर एक पोतं वेगळं बांधून आणलं होतं. बाळंतिणीला भेट. लोक कापड आणतात, कानातले आणतात. ह्याने पोतंभर काऊन आणला.

काऊन म्हणजे करडा-पांढरा खडा. वाळवंटाच्या कडेची तळी आटली की जमिनीवर धरतो. एवेदूचा पाला शिजताना बोटाच्या पेराएवढा तुकडा टाकला की पाला गळून जातो आणि भाजीला तार सुटते. चवळी शिजत नसली की काऊन, दाढ दुखली की काऊन, पोटात वारा धरला की काऊनचं पाणी. प्रत्येक चुलीशी एका फुटक्या वाटीत तो पडलेला असतोच, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

"बायकोला दगड आणलेत होय, दादा?" मी विचारलं होतं.

"तू कपडे शीव, शिंपीणबाई. असा काऊन तुझ्या सात पिढ्यांनी बघितला नसेल."

खरंच चांगला होता. रिसिकत एवढी खूश झाली की शेजारणींना त्यातला खडाही दिला नाही. ते पोतं संपलं तसं त्याने दुसरं आणलं, मग तिसरं. गल्लीच्या तोंडाशी तिची खानावळ होती. चार बाकं, वर पत्रा, आणि मोठ्या पातेल्यात वाळवलेल्या कोनफळाच्या पिठाचा काळपट, मऊसूत अमाला. त्याच्यावर एवेदू. त्यासाठीच ठेवलेल्या आखूड केरसुणीने ती पाला घोटायची तेव्हा तिचा उजवा दंड थरथरायचा आणि भाजी पळीवरून तुटता तुटत नसे. बाजारातले हमाल, कापडवाले, मशिदीतले बांग देणारे म्हातारेबुवा, सगळे तिच्याकडे. ती बोलायला कडू होती. उधार मागणाऱ्याला म्हणायची, "बसा, तुमच्या सासरहून अमाला यायचाय." तरी लोक यायचे.

मुफुताऊचा ट्रक गल्लीत शिरत नसे. तो कोपऱ्यावरच थांबवायचा, हॉर्न वाजवायचा आणि खाली उतरायच्या आधी ओरडायचा, "अबिदेमीच्या आईला बोलवा. दुसऱ्या कोणी मला काही खायला देऊ नका, तिला बोलवा." तीन-चार दिवसांचा रस्ता, अंगावर धूळ, आणि हा माणूस आंघोळही न करता बाकावर बसायचा. एकदा त्याच्या ड्रायव्हर मित्रांनी पैज लावली. डोळ्यांवर फडकं बांधलं आणि बाजारातल्या पाच बायकांचा एवेदू चाटायला दिला. त्याने तिसऱ्या वाडग्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हिला बोलवा." रिसिकत पातेल्यामागे उभी होती. लाजली नाही, पण त्या दिवशी मित्रांकडून पैसे घेतले नाहीत. तिच्यासाठी ते लाजण्याहून मोठं होतं.

पुढे अबिदेमी शिकली, लेगॉसला शाळेत शिकवायला लागली. आणि मुफुताऊचे पाय सुजले. आधी चप्पल घट्ट झाली, मग घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायला लागला. चार पायऱ्या चढून तो भिंतीला टेकायचा. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, शरीरातलं पाणी त्याला ओढवत नाही. लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "मीठ म्हणजे आता ह्यांना विष. मीठ पोटात गेलं की पाणी साठणार. पाणी साठलं की संपलं. मीठ सांभाळलंत तर वर्षानुवर्षं काढतील."

रिसिकतने ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं. नवऱ्याचा जीव तिच्या पातेल्यात होता, आणि पातेलं तर तिच्या हातातलं.

डॉक्टरांनी आहार सांगणाऱ्या मुलीकडे पाठवलं. बोसेदे तिचं नाव. पोरगी गुणी होती, उगाच रुबाब नाही. तिने एक छापील तक्ता पुढे सरकवला. मी बरोबर होते, कारण रिसिकतला वाचता येत नाही आणि मला येतं. बटाटा, पाव, कॉर्नफ्लेक्स, चीज, सफरचंद, पालक. प्रत्येकापुढे मिठाचा आकडा.

"यात अमाला कुठे आहे?" रिसिकतने विचारलं.

"नाहीये, आई."

"एवेदू?"

"तोही नाही."

"मग हे कोणाचं जेवण?"

"तक्ता बाहेरच्या देशातून आलाय. आमच्याकडे हाच आहे. आपल्या जेवणाचं कोणी नीट मोजून छापलेलंच नाही. जे थोडंफार आहे ते एकमेकांशी जुळत नाही." बोसेदे जरा ओशाळली. "एवेदू म्हणजे पालकासारखा धरून चाला."

"पालकासारखा असता तर लोकांनी पालकच नसता का खाल्ला, पोरी?"

बोसेदे हसली. मग कागद घेतला आणि म्हणाली, तुम्हीच सांगा, एवेदूत काय काय घालता.

"पाला, पाणी, इरू."

"इरू म्हणजे आंबवलेल्या बिया, त्यातही थोडं मीठ असेल. तेही काढा. मसाल्याच्या वड्या?"

"आजपासून बंद."

"मीठ?"

"मिठाचं भांडं मी घराबाहेर ठेवते."

आणि तिने खरंच ठेवलं. माझ्या खोलीत. मुफुताऊसाठी वेगळं छोटं पातेलं आलं. त्यात मीठ नाही, वडी नाही, इरू नाही. पहिल्या दिवशी त्याने एक घास घेतला आणि म्हणाला, "हे कोणाच्या मयताचं जेवण?"

"तुमचं होऊ नये म्हणून केलंय. खा."

चव कुठून आणणार? मीठ गेलं, इरू गेलं, उरला पाला. तो निदान गुळगुळीत घशाखाली उतरावा म्हणून तिने काऊनचा खडा थोडा मोठा टाकायला सुरुवात केली. एवेदू असा काही तार धरायचा की वा. मुफुताऊ जेवायला लागला. दोन दिवसांनी म्हणाला, "मीठ नसलं तरी हात तुझाच आहे." ती माझ्याकडे येऊन ते वाक्य सांगून गेली, काहीतरी काम असल्यासारखं दाखवून.

तरी तिचं समाधान होईना. तिला आकडा हवा होता. तक्त्यातल्या बटाट्याला आकडा आहे, माझ्या भाजीला का नाही, हे तिच्या डोक्यात बसलं ते निघेना. अबिदेमीला रोज फोन. पोरगी बिचारी शाळा सुटल्यावर मोबाइलवर शोधत बसायची.

"आई, एका ठिकाणी लिहिलंय शंभर ग्राम एवेदूत अमुक इतकं. दुसरीकडे त्याच्या दसपट."

"कच्च्या पाल्याचं की शिजवलेल्या?"

"बहुतेक कच्च्या."

"तुझे बाबा बकरी आहेत का गं?"

"अमालाचं तर रताळ्याखाली टाकलंय, आई."

"टाकणाऱ्याला रताळं म्हणावं."

कोणीतरी सांगितलं की शहराच्या पलीकडच्या टोकाला सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथे अन्न तपासतात. रिसिकतने पहाटे उठून नवऱ्याच्या पातेल्यातलं सगळं तीन डब्यांत भरलं, डबे कापडात गुंडाळले, आणि आम्ही दोघी बस बदलत गेलो. ती ठेवणीतला निळा कपडा नेसली होती. खिडकीतल्या माणसाने डब्यांचा वास घेतला आणि तपासणीला लागणारा द्रव आलेला नाही, नमुना ठेवून जा, पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात डबे मिळाले. घासून पुसून स्वच्छ.

"आई, अहवाल असा की तुमच्या हाताला तोड नाही," तो म्हणाला. मागे बसलेले दोघं तोंड फिरवून हसत होते. "फक्त मीठ अगदीच कमी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या माणसाची आई, बाप आणि खुर्ची तिन्ही काढली. रिसिकत मात्र शांतपणे डबे कापडात बांधत होती. बसमध्ये मी फणफणत असताना ती म्हणाली, "तू ऐकलंस ना? मीठ कमी आहे म्हणाले."

"अगं, त्यांनी गिळलं ते. तपासलं नाही."

"जिभेनेच ना? जिभेलाही कळतं." आणि घरी पोचेपर्यंत तिचा चेहरा निवांत होता.

सूज उतरली नाही. पोटऱ्यांवरून गुडघ्यांवर आली, गुडघ्यांवरून पोटावर. पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं. मुफुताऊ म्हणायचा, वारा धरलाय. वारा धरला की आमच्याकडे काय करतात ते सांगितलंच आहे. रिसिकत पेलाभर कोमट पाण्यात काऊन विरघळवून सकाळ-संध्याकाळ द्यायची. तो ढेकर द्यायचा आणि म्हणायचा, बरं वाटलं. तुम्ही आमच्या गल्लीत जन्मला असतात तर तुम्हीही तेच केलं असतंत.

एका दुपारी त्याला बसल्या जागी श्वास घेता येईना. दवाखान्यात ठेवलं, सुया टोचून पाणी काढलं, चार दिवसांनी सोडलं. महिन्याभरात पुन्हा तेच. या वेळी डॉक्टर भडकले. मोठ्या खोलीत, इतर रोग्यांच्या देखत म्हणाले, "घरी मीठ चालूच आहे. इथे येऊन बायका शपथा घेतात आणि घरी नवऱ्याचे लाड करतात."

रिसिकत गावात कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण त्या दिवशी तिने डोक्यावरचं फडकं सोडून नीट बांधलं. मग म्हणाली, "मी कुराण हातात घेऊन सांगते."

"कुराण सांगतं की मीठ बंद, पण पाय सांगतात की चालू," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

बोसेदेने हे ऐकलं होतं. ती जाताना हळूच म्हणाली, "आई, मी रविवारी तुमच्याकडे येते. तुम्ही रांधा, मी नुसती बघते. निदान माझ्यापुरता तरी तुमच्या जेवणाचा तक्ता करते." रिसिकतला पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या बाजूचं भेटलं. रविवारी तिने चूल सारवली. बोसेदेने छोटा तराजू आणला होता. पाला तोलला, पाणी मापलं, लिहून घेतलं. रिसिकत न्यायाधीशासमोर असल्यासारखी एकेक जिन्नस दाखवून आत टाकत होती. पाणी उकळलं. पाला पडला. बोलता बोलता तिचा डावा हात सवयीने फुटक्या वाटीकडे गेला आणि खडा पातेल्यात पडला.

"ते काय टाकलंत?" बोसेदेने विचारलं.

"कुठे काय?"

"आत्ता. हाताने."

"तो काऊन गं. तो काय जिन्नस आहे? चूल पेटवताना काडी ओढते, तीही लिहिणार का?"

बोसेदेच्या हातातली पेन्सिल थांबली. तिने वाटीतला एक खडा उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "माझी आईही टाकते. प्रत्येक वेळी टाकते. मी लहानपणापासून बघते आहे." आणि खाली बसली, त्या चकचकीत दवाखान्याच्या बुटांसकट, चुलीपुढच्या राखेत. "आई, डॉक्टर मिठातल्या ज्या गोष्टीला भितात ना, तीच यात आहे. हा मिठाचाच भाऊ. मला कॉलेजात शिकवलंय हे, पण पुस्तकात त्याचं नाव वेगळं होतं. मी कधी आमच्या चुलीशी जोडलंच नाही."

रिसिकतने विचारलं, "त्याच्या पोटातल्या वाऱ्यासाठी पाणी देते, त्यातही?"

बोसेदेने मानेनेच हो म्हटलं.

"किती असतं? एका खड्यात?"

"माहीत नाही. खड्याखड्यात फरक असणार. कुठे लिहिलेलं सापडणार नाही."

मला बोसेदेला झोडपून काढावंसं वाटलं, आणि डॉक्टरांना, आणि तो तक्ता छापणाऱ्यांना. पण ती पोरगी रडत होती आणि रिसिकत रडत नव्हती. रिसिकतने पातेलं उचललं, अंगणाच्या कडेला ओतलं आणि परत येऊन पातेलं घासायला बसली. बोसेदे एक खडा कागदात बांधून तपासायला घेऊन गेली. त्याच प्रयोगशाळेत. तो द्रव अजून आलेला नाही.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं. रागावले नाहीत, आणि त्यामुळेच मला कळलं की आता उपयोग नाही. काऊन बंद झाला, गोळ्या वाढवल्या, पण हृदय पार निकामी झालं होतं. थोड्या दिवसांनी त्यांनी घरी न्यायला सांगितलं. अबिदेमी रजा घेऊन आली.

मी रिसिकतला म्हटलं, "दादांना सांग. तुझा दोष नाही हे त्यांना कळू दे. त्यांना वाटतं तू कंटाळलीस म्हणून जेवण असं करतेस."

"काय सांगू? तुम्ही आणलंत आणि मी घातलं? मरणाऱ्या माणसाला ही शिदोरी देऊ?"

खाटेखाली त्याने आणलेलं शेवटचं पोतं अर्धं भरलेलं होतं. तिने ते फेकलंही नाही आणि उघडलंही नाही.

शेवटी शेवटी मुफुताऊला माणसं ओळखू येईनात. कधी आपण ट्रकमध्ये आहोत असं वाटायचं, कधी उत्तरेच्या कुठल्या तरी धाब्यावर. दोन दिवस त्याने काही खाल्लं नव्हतं. एका दुपारी, नमाज झाल्यावर, त्याने डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात एवेदू मागितला.

रिसिकत उठली. मी तिच्या मागे चुलीपाशी गेले. पाला उकळत होता आणि ती वाटीसमोर उभी होती. मी म्हटलं, "टाक गं. आता काय राहिलंय?" तिने खडा उचललासुद्धा. मुठीत धरला. मग परत वाटीत ठेवला. "आणखी एक दिवस मिळाला तर?" ती म्हणाली. केरसुणी घेऊन तिने तो पाला घोटला, घोटला, दंड भरून येईपर्यंत घोटला. तार काही धरली नाही. पाणी वेगळं, पाला वेगळा.

तिने त्याच्या उशाशी बसून एक घास भरवला. त्याने तो तोंडात फिरवला आणि गिळला. दुसऱ्या घासाला तिचा हात बाजूला सारला. तिच्या तोंडाकडे बघितलं, परक्या बाईकडे बघावं तसं, अगदी अदबीने.

"बाई, तुम्ही कष्ट घेतलेत," तो म्हणाला, "पण दुसऱ्या कोणाच्या हातचं मला जात नाही. अबिदेमीच्या आईला बोलवा."

अबिदेमी म्हणाली, "बाबा, अहो..." रिसिकतने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"बोलावते," ती म्हणाली. वाडगा घेऊन बाहेर आली, तो माझ्या मशीनवर ठेवला आणि बोळातल्या बाकावर बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने झटकला. थोड्या वेळाने उठली, हातपाय धुतले, प्रयोगशाळेत जाताना नेसली होती तो निळा कपडा नेसली आणि आत गेली. मी दारातून बघत होते.

"आले मी," ती म्हणाली.

मुफुताऊने तिचा हात चाचपून धरला. "कुठे होतीस? किती हॉर्न वाजवले. ह्या लोकांनी मला काय खायला घातलं ते बघ जरा."

"बघते," ती म्हणाली. तो उद्याची वाट बघायला थांबला नाही. संध्याकाळची मगरिबची बांग झाली तेव्हा तिने आपला हात त्याच्या बोटांतून सोडवून घेतला.